पळस फुलला, शिंजीर आला!

दोस्तांनो, फेब्रुवारी सरत आला की आपल्या वऱ्हाडात पळस पेटतो. अमरावतीजवळचं पोहरा-मालखेडचं रान घ्या, अकोल्याकडचं काटेपूर्णा घ्या, नाहीतर नरनाळ्याचा पायथा. झाडावर पान नाही, नुसती केशरी फुलं. अशा एखाद्या पळसाखाली सकाळी सातच्या सुमारास जरा गुमान उभे राहा. वरून बारीक पण खणखणीत आवाज येईल, "च्विट, च्विट, च्विट!" आणि फुलांच्या घोसात काहीतरी काळं, इवलंसं, एका जागी न ठरणारं दिसेल. तोच आपला जांभळा शिंजीर. काही जण त्याला सूर्यपक्षी म्हणतात.

लांबी फक्त १० सेंटिमीटर, त्यातही चोचीचा वाटा मोठा. वजन १० ग्रॅमच्याही आत. लांबून तो काळाच वाटतो. पण त्याच्यावर ऊन पडू द्या! डोकं निळं चमकतं, मान वळवली की जांभळं होतं, पुन्हा वळवली की हिरवट. गंमत म्हणजे त्याच्या पिसांमध्ये निळा रंग मुळात नसतोच. पिसांच्या आत गडद रंगद्रव्याचे अतिसूक्ष्म थर असतात. त्यांच्यावरून प्रकाश असा परततो की आपल्या डोळ्यांना निळं-जांभळं दिसतं. साबणाच्या फुग्यावर रंग नाचतात ना, तसंच.

हा झगमगाट फक्त नराचा. मादी वरून मातकट हिरवी, खालून पिवळसर. विणीचा हंगाम संपला की नरही ती झूल उतरवतो आणि मादीसारखा दिसू लागतो. मग ओळखायचं कसं? हनुवटीपासून पोटापर्यंत एक काळी पट्टी राहते, ती शोधा.

आता त्याची जीभ बघू या. फुलातला मध खोल तळाशी असतो. शिंजीर आपली बाकदार चोच आत घालतो आणि लांब जीभ पुढे सोडतो. ही जीभ गुंडाळून नळी झालेली असते आणि टोकाशी दुभंगलेली. शास्त्रज्ञांनी २०२५ मध्ये दाखवून दिलं की शिंजीर या जिभेनं मध चक्क ओढून पितात. ऑस्ट्रेलियातले मधखाऊ पक्षी हेच काम जिभेच्या ब्रशसारख्या टोकानं करतात. अमेरिकेतले हमिंगबर्ड हवेत एका जागी फडफडत पितात. शिंजीर मात्र बहुतेक वेळा फांदीवर किंवा फुलाच्या देठावर बसूनच पितो, क्वचित क्षणभर फडफडतो. तिघेही वेगवेगळ्या कुळांतले. तरी फुलातला मध मिळवायचा म्हणून तिघांनाही लांब चोच आणि करामती जीभ लाभली!

शिंजीर मध फुकट पीत नाही बरं का. पळसाच्या फुलावर मैना येतात, बुलबुल येतात, पोपट येतात. सगळ्यांची मेजवानी चाललेली असते. दिल्लीतल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी पळसावर लक्ष ठेवून २००३ साली आपला अभ्यास छापला. फुलांवर सात जातींचे पक्षी येत होते. त्यातला एकच पक्षी एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलापर्यंत नीट पोचवत होता. तो होता हा जांभळा शिंजीर. जोडीला खारही थोडं काम करत होती. म्हणजे ज्या पळसाच्या पानांच्या पत्रावळी होतात आणि ज्याच्या फुलांचा होळीला रंग होतो, त्या झाडाचं बी धरायला या चिमुकल्याचा हातभार लागतो. जास्वंदीसारख्या मोठ्या फुलाशी मात्र तो कधीकधी लबाडी करतो. तोंडातून आत न शिरता बुडाशी भोक पाडतो आणि मध पिऊन पसार होतो.

आंब्यावरच्या बांडगुळाची फुलंही त्याला फार आवडतात. सालीम अलींनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला कोकणात हेच निरखलं होतं. बांडगुळाच्या फुलांचे पराग शिंजीर नेतो आणि त्याची चिकट फळं खाऊन बी फांद्यांवर रुजवायचं काम फुलटोचा नावाचा दुसरा चिमणा पक्षी करतो. दोघांच्या मेहनतीनं बांडगूळ पसरतं. आंब्याचं मात्र नुकसान!

पण नुसत्या मधावर त्याचं भागत नाही. काहून? मध म्हणजे साखरपाणी, त्यात प्रथिनं जवळजवळ नसतात. पिल्लांची वाढ व्हायची तर किडे, अळ्या आणि कोळी हवेत. त्यामुळे हा मधाचा शौकीन एक पक्का शिकारीही आहे. कोळी तर त्याला दुहेरी उपयोगाचा. कोळी खायचा आणि त्याचं जाळं घरटं बांधायला वापरायचं.

घरटं मादी एकटी बांधते. नर आसपास गातो, भांडतो, राखण करतो. कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी गवत, वाळकी पानं, सालीचे तुकडे, अळ्यांची विष्ठा असं काय काय चिकटवून ती एक लोंबती पिशवी तयार करते. बाजूला दार आणि दारावर छोटा छज्जा. दुरून वाटतं, फांदीला कचरा अडकलाय. हीच तर तिची युक्ती! आत साधारण दोन अंडी. मादी दोन आठवडे उबवते. पिल्लं बाहेर आली की भरवायला मात्र नरही येतो. आणि हे सगळं चालतं ऐन उन्हाळ्यात, जेव्हा अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास खेळत असतो आणि आपण कूलरसमोरून हलत नाही.

नर भांडखोर किती, तेही सांगते. आपल्या हद्दीत दुसरा नर त्याला खपत नाही. उभ्या मोटारसायकलच्या आरशात स्वतःला पाहिलं की तो त्यालाच शत्रू समजतो आणि चोचीनं टकटक सुरू करतो, थकेपर्यंत. तुमच्या अंगणात असं दिसलं तर आरशावर एक फडकं टाका. बिचाऱ्याची सुटका होईल.

व्हरांड्यातल्या वायरीला किंवा वेलीला लोंबतं घरटं दिसलं, तर हात लावू नका, फोटोसाठी फांदी वाकवू नका. चार हातांवरून बघा. जागा असेल तर एक जास्वंद किंवा डाळिंब लावा. आणि यंदा वहीत टिपून ठेवा: शिंजीर कोणत्या फुलावर आला, किती वाजता आला, नर होता की मादी. टिपणं आमच्याकडे जरूर पाठवा.