पोल म्हणजे डोकं!

२० मे २०२४ रोजी नाशिकला लोकसभेचं मतदान होतं. त्याच्या थोडे दिवस आधी पंचवटीतल्या आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "अरे, टीव्हीवर पोल झाला म्हणे. निकाल लागलाच आहे, तर या उन्हात मी कशाला जाऊ?"

काकूंना काय दोष द्यायचा? एकच इंग्रजी शब्द दोन कामांना जुंपलेला, त्याचा हा घोटाळा.

'पोल'चा जुना अर्थ डोकं. माणसं मोजायची म्हणजे डोकी मोजायची, म्हणून मोजणीलाही पोल म्हणू लागले. इंग्लंडात दर डोक्यामागे बसवलेला कर म्हणजे पोल टॅक्स. त्यावरून तिथे १३८१ साली मोठं बंड झालं. आपली मराठीही याच वाटेने गेली आहे. 'शिरगणती' घ्या की 'दरडोई उत्पन्न', हिशेब डोक्यांचाच! पुढे मतं मोजणं आणि मत देणं यांनाही पोल हाच शब्द लागू झाला. आपलं पोलिंग बूथ त्यातलंच.

विसाव्या शतकात त्यात जनमत चाचणीची भर पडली. मतदानाआधी विचारलं तर ओपिनियन पोल. मत देऊन बाहेर पडणाऱ्याला विचारलं तर एक्झिट पोल. पण इथे सगळी डोकी मोजत नाहीत. थोड्यांना विचारून साऱ्यांचा अंदाज बांधतात. शितावरून भाताची परीक्षा करता येते, हे खरं. पण शितं पातेल्याच्या सगळ्या बाजूंनी उचललेली हवीत. त्याच निवडणुकीत १ जूनच्या संध्याकाळी बहुतेक एक्झिट पोलनी भाजपच्या आघाडीला साडेतीनशेहून अधिक जागा दिल्या. ४ जूनला प्रत्यक्षात आल्या २९३! अशा अंदाजांचा परिणाम मतदारांवर होऊ नये, म्हणून मतदानाचे सगळे टप्पे संपेपर्यंत एक्झिट पोल जाहीर करायला कायद्याने बंदी आहे.

काकूंना मात्र मी त्या दिवशी एवढंच विचारलं होतं, "काकू, त्या पोलवाल्यांनी तुम्हाला विचारलं का?"

"छे रे, मला कोण विचारतंय!"

"मग तुमचं डोकं मोजायचं राहिलंय की."

मतदानाच्या दिवशी सकाळीच काकू दारात हजर. शाई लावलेलं बोट पुढे करून म्हणाल्या, "आले बाबा मोजून!"