पार्सल अडले कुठे?

संगणकावर नवे सॉफ्टवेअर बसवायचे, तर पूर्वी दुकानातून सीडी आणावी लागे. सीडीवर चरा पडलेला असेल, तर दोष निदान डोळ्यांना दिसे. आता सीडीही गेली आणि दुकानही. पायथन शिकणारी कॉलेजकन्या असो, लिनक्सवर मराठी टंक बसवणारे निवृत्त गृहस्थ असोत की शाळेच्या संगणकखोलीचे शिक्षक असोत, सर्वांचा माल थेट इंटरनेटवरून येतो. एक आज्ञा टाइप करायची, एन्टर दाबायचे आणि पाहत बसायचे. मागवलेले असते एक पॅकेज. पण त्याला लागणारी आणखी दहा-वीस पॅकेजेस त्याच्या पाठोपाठ येत राहतात. आणि मग मध्येच कुठेतरी लाल अक्षरे उमटतात. जोडणी झाली नाही. काम थांबले.

यापुढचा प्रसंग घरोघरी सारखाच. 'नेट गेलं वाटतं,' असे कोणीतरी म्हणते. राउटर बंद करून पुन्हा चालू केला जातो. तीच आज्ञा चार वेळा दिली जाते. शेवटी ओळखीतल्या एखाद्या जाणकाराला फोन जातो आणि तो 'ती तपासणीच बंद करून टाक, चालेल,' असा तोडगा सांगतो. तो बहुधा लागूही पडतो.

या साऱ्यात दोन तोटे आहेत. नव्याने शिकणारा पहिल्याच दिवशी 'हे आपल्याला जमणारे नव्हे' असे ठरवून बसतो. वास्तविक त्याचे काहीच चुकलेले नसते. दुसरा तोटा अधिक गंभीर आहे. कारण जी तपासणी बंद केली, ती बहुधा त्या घराची राखणदार असते. हे दोन्ही टाळायचे, तर पार्सल कोणत्या वाटेने येते हे एकदा समजून घ्यावे. ते अवघड नाही.

नाव आणि क्रमांक

पॅकेज म्हणजे तयार प्रोग्रामचा बांधून ठेवलेला गठ्ठा. असे गठ्ठे मोठ्या भांडारांत ठेवलेले असतात आणि त्या भांडारांच्या प्रती, म्हणजे 'मिरर', जगभर असतात. आपला संगणक आधी भांडाराचे नाव घेऊन त्याचा क्रमांक विचारतो, मग त्या क्रमांकाच्या दारावर थाप मारतो, दार उघडणाऱ्याचे ओळखपत्र पाहतो, माल घेतो आणि शेवटी मालावरची मोहोर तपासतो. प्रत्येक टप्प्यावर अडचण येऊ शकते, आणि प्रत्येक अडचणीचा संदेश वेगळा असतो. म्हणून पहिला नियम असा, की संदेश पूर्ण वाचावा.

आपल्याकडच्या पिनकोडची येथे आठवण होते. एकाच नावाची गावे देशात अनेक, लिप्या अनेक. म्हणून श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी योजलेली सहा अंकी पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झाली. पत्र नावाने लिहायचे, पण वाट क्रमांकाने ठरवायची. इंटरनेटवरही तसेच. सुरुवातीला जाळ्यातील सर्व संगणकांची नावे आणि क्रमांक यांची एकच यादी कॅलिफोर्नियातील एसआरआय या संशोधन संस्थेत ठेवली जाई. ती यादी आवरेनाशी झाली, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी आजची 'डीएनएस' पद्धत मांडली.

'कुड नॉट रिझॉल्व्ह होस्ट' असा संदेश आला, तर समजावे की गाडी या पहिल्याच नाक्यावर अडली आहे. नावाचा क्रमांक मिळालेला नाही. अशा वेळी दुसरे एखादे संकेतस्थळ उघडते का पाहावे. काहीच उघडत नसेल, तर दोष घरच्या जोडणीत आहे. बाकी सारे उघडते आणि हे एकच नाव सापडत नाही, तर आधी अक्षरे तपासावीत. मग मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून तीच आज्ञा देऊन पाहावी. तेथे चालली, तर आपल्या सेवादात्याची डीएनएस सेवा अडखळते आहे, असे मानायला जागा आहे.

पण कधी कधी ते नावच राहिलेले नसते. 'सेंटओएस ७' या लिनक्सच्या आवृत्तीची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली. थोड्याच दिवसांत, मिररची यादी ज्या नावावर मिळत असे ते नावही बंद झाले. जुन्या सर्व्हरांवर 'होस्ट सापडत नाही' असा संदेश येऊ लागला आणि लोक केबली हलवून पाहू लागले. दोष केबलीत नव्हता. घराच्या मालकाने पत्ता बदलला होता. जुनी पॅकेजेस 'व्हॉल्ट' नावाच्या संग्रहात ठेवलेली होती. तो पत्ता लिहिला की तात्पुरते काम चाले. खरा उपाय मात्र नव्या आवृत्तीवर जाण्याचाच होता.

नकार वेगळा, मौन वेगळे

क्रमांक मिळाला, आता दार. येथे दोन संदेश येतात आणि बहुतेक जण ते एकच समजतात. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे पलीकडून उत्तर आले आणि ते 'नाही' असे आले. वाट मोकळी आहे. पण त्या दारामागे ती सेवा चालू नाही, किंवा मध्ये बसलेल्या पहारेकऱ्याने हटकले आहे. 'कनेक्शन टाइम्ड आउट' म्हणजे उत्तरच नाही. एकतर वाट तुटली आहे, किंवा पहारेकरी न बोलताच परत पाठवतो आहे. नकार मिळाला तर दाराचा क्रमांक, म्हणजे पोर्ट, तपासावा. मौन असेल तर वाट तपासावी.

वाट तपासण्याचे जुने साधन म्हणजे 'पिंग'. अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत काम करणारे माइक म्यूस यांनी ते डिसेंबर १९८३ मध्ये लिहिले. पाणबुडी शोधताना सोनार यंत्र आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकते, त्यावरून हे नाव पडले. मात्र आज अनेक सर्व्हर पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत. तेव्हा प्रतिध्वनी आला तर वाट नक्की चालू आहे. आला नाही, एवढ्यावरून ती बंद आहे असे म्हणता येत नाही.

महाविद्यालये आणि कचेऱ्यांत एक तक्रार नेहमी ऐकू येते: 'ब्राउझरमध्ये सगळं उघडतं, पण इन्स्टॉल काही होत नाही.' याचे कारण बहुधा प्रॉक्सी हे असते. अशा संस्थांत बाहेर जाण्याचा एकच दरवाजा असतो. ब्राउझरला तो कोणीतरी दाखवून ठेवलेला असतो. पिप, एनपीएम किंवा एपीटी या पॅकेज आणणाऱ्या कारकुनांना तो दाखवलेला नसतो. ते बिचारे भिंतीवर धडका देत राहतात. त्यांनाही प्रॉक्सीचा पत्ता द्यावा लागतो. ४०७ हा आकडा दिसला, तर त्या दरवाजावर नाव आणि पासवर्ड मागितला जात आहे, असे समजावे.

काही वेळा वाट खरोखरच तुटते. जानेवारी २००८ च्या अखेरीस इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन केबली निकामी झाल्या आणि भारतातील इंटरनेट कित्येक दिवस मंदावले. तेव्हा घरातला राउटर शंभर वेळा बंद-चालू करून काय होणार होते? अशा वेळी जवळचा मिरर निवडावा, नाहीतर थांबावे.

४०४ हा आकडा मात्र जोडणीचा दोष सांगत नाही. दार उघडले, माणूस भेटला. तुम्ही मागितलेली वस्तू त्या फळीवर नाही, एवढेच त्याचे म्हणणे. आपल्याजवळची यादी शिळी असते, भांडारात नवी आवृत्ती येऊन जुनी हललेली असते. यादी ताजी करावी, म्हणजे एपीटीला आधी 'अपडेट' सांगावे, की काम पुढे सरकते. आकडा ५०० च्या घरात असेल, तर बिघाड त्यांच्याकडे आहे. चहा घ्यावा आणि थोड्या वेळाने पुन्हा पाहावे.

ओळखपत्राचा घोळ

आता सर्वांत महत्त्वाचा नाका. दार उघडणारा खरोखर भांडाराचाच माणूस आहे, हे डिजिटल प्रमाणपत्रावरून ठरते. ते पटले नाही, की 'सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड' असा संदेश येतो.

याचे एक कारण इतके साधे असते, की ते कोणाला सुचतच नाही. संगणकाचे घड्याळ! प्रत्येक प्रमाणपत्राला 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' अशी मुदत असते. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला, की बंद करताच त्याची तारीख कित्येक वर्षे मागे जाते. मग आजचे प्रमाणपत्र त्याला 'अजून सुरूच न झालेले' वाटते. सीआर-२०३२ नावाचा हा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तो बदलावा आणि तारीख नीट लावावी.

दुसरे कारण संगणकाचे जुनेपण. कोणाच्या सहीवर विश्वास ठेवायचा, याची यादी संगणकात असते आणि तिलाही मुदत असते. 'लेट्स एन्क्रिप्ट' या मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेला आधार असलेले एक जुने मूळ प्रमाणपत्र ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपले. त्या दिवशी जगातली अनेक जुनी यंत्रे चांगल्या संकेतस्थळांनाही ओळख देईनाशी झाली. ती यादी अद्ययावत करणे हा त्यावर उपाय. तिसरे कारण संस्थांमधले. तेथील सुरक्षा यंत्रणा येणारा माल उघडून पाहते आणि त्यावर स्वतःची सही करते. तेथे संस्थेचे मूळ प्रमाणपत्र संगणक विभागाकडून रीतसर मागून बसवावे.

आणि चौथे कारण म्हणजे समोरचा माणूस खरोखर तोतया असणे. हे घडत नाही असे कोणी समजू नये. २०११ मध्ये नेदरलँड्समधील डिजिनोटार या प्रमाणपत्रे देणाऱ्या कंपनीत हल्लेखोर शिरले आणि त्यांनी गूगलच्या नावाचे खोटे प्रमाणपत्र बनवून घेतले. ते इराणमधील लोकांची खासगी टपाले वाचण्यासाठी वापरले गेले. सुमारे ३ लाख आयपी पत्त्यांना त्याची झळ पोहोचली. हे उघडकीस कसे आले? गूगलच्या क्रोम ब्राउझरला ते प्रमाणपत्र पटले नाही आणि त्याने इशारा दिला. इराणमधील एका वापरकर्त्याने तो इशारा झटकून न टाकता त्याबद्दल जाहीर विचारणा केली. महिन्याभरात डिजिनोटारचे दिवाळे वाजले. त्या दिवशी पडद्यावर आलेली 'एरर' हेच खरे बोलणे होते.

म्हणूनच 'तपासणी बंद करा' हा सल्ला घातक आहे. पिपला 'ट्रस्टेड होस्ट' सांगणे किंवा एनपीएमला 'स्ट्रिक्ट एसएसएल फॉल्स' असे बजावणे म्हणजे दारातल्या राखणदाराला रजा देणे होय. संकेतस्थळ नुसते पाहणे वेगळे आणि पॅकेज बसवणे वेगळे. बसवलेला प्रोग्राम आपल्या संगणकावर आपल्या अधिकाराने चालतो. लिनक्समध्ये तर एपीटी संपूर्ण यंत्राच्या मालकीहक्काने काम करते. घरचे फोटो, बँकेचे पासवर्ड, मुलांच्या वह्या, सारे त्याच यंत्रात असते. शिवाय अशी बंद केलेली तपासणी पुन्हा चालू करायची आठवण सहसा कोणाला राहत नाही.

मोहोर तुटलेली

माल हाती आल्यावर शेवटची तपासणी होते. प्रत्येक पॅकेजचा एक गणिती ठसा असतो. एसएचए-२५६ पद्धतीत तो ६४ अक्षरांचा भरतो. फाइलमधले एक अक्षर बदलले तरी ठसा पूर्ण बदलतो. 'हॅश सम मिसमॅच' याचा अर्थ जो माल निघाला तो हा नव्हे.

यात दर वेळी घातपात असतो असे नाही. मुंबई सेंट्रल स्थानकावर जानेवारी २०१६ मध्ये मोफत वायफाय आले आणि प्रवाशांना आधी मोबाईल क्रमांक घालून आत शिरण्याची सवय लागली. स्थानके, हॉटेले, विमानतळ, सर्वत्र हीच रीत. ती पायरी राहून गेली, तर मागितलेल्या पॅकेजच्या जागी लॉगिनचे पानच हाती पडू शकते, आणि मोहोर जुळत नाही. कधी अर्धवट उतरलेली फाइल साठ्यात पडून राहते आणि तीच पुन्हा पुन्हा पुढे येते. लॉगिन पुरे करावे, साठा साफ करावा आणि माल नव्याने मागवावा.

सगळे नाके ठीक असूनही माल मिळत नाही, असेही एकदा घडले. २२ मार्च २०१६ रोजी एका प्रोग्रामरने एनपीएम भांडाराशी झालेल्या वादातून आपली सर्व पॅकेजेस काढून घेतली. त्यांत 'लेफ्ट-पॅड' नावाचे अवघ्या ११ ओळींचे एक पॅकेज होते. मजकुराच्या डाव्या बाजूला रिकाम्या जागा भरणे, एवढेच त्याचे काम. पण हजारो प्रकल्प त्यावर अवलंबून होते आणि ते धडाधड अडले. दोनेक तासांत भांडाराने ते परत ठेवले. ज्यांच्याजवळ प्रत होती, त्यांना याची गंधवार्ताही लागली नाही.

आपल्या शाळांनी यातून घेण्यासारखे बरेच आहे. तीस संगणकांच्या खोलीत तेच पॅकेज तीस वेळा का उतरवावे? चांगली जोडणी असेल तेथे 'पिप डाउनलोड'ने सर्व पॅकेजेस एकदाच घ्यावीत, पेनड्राइव्हवर आणावीत आणि तेथूनच बसवावीत. खोलीतल्याच एका संगणकावर सामायिक साठा ठेवण्याचीही सोय आहे. नेट गेले म्हणून तास बुडणार नाही.

घरातल्या मुलांना इतकेच सांगावे. लाल अक्षरे म्हणजे रागावणे नव्हे. पार्सल कोणत्या नाक्यावर अडले, याची ती पावती आहे. संदेश वहीत उतरवून घ्यावा आणि शेवटच्या ओळीआधी पहिली ओळ वाचावी. नाव, दार, ओळखपत्र, मोहोर याच क्रमाने विचारत जावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि उपयोग झाला नाही तर ती पूर्ववत करावी. जाणकाराला फोन करायला हरकत नाही. पण करताना 'नेट चालत नाही' असे न म्हणता अडलेला नाका सांगावा. आणि त्याने ओळखपत्राची तपासणी बंद करायला सांगितलेच, तर आधी संगणकाचे घड्याळ पाहून घ्यावे.