उस्मान सेम्बेन : गोदीतून पडद्याकडे

आफ्रिकी चित्रपटाचे जनक मानले जाणारे सेनेगलचे उस्मान सेम्बेन (१९२३-२००७) मूळचे कादंबरीकार. मच्छीमाराच्या या मुलाने दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यात चाकरी केली आणि पुढे मार्सेच्या गोदीत हमाली. त्या अनुभवांतूनच १९५६ मध्ये त्यांची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. मात्र, ज्यांच्यासाठी लिहायचे, त्यांतील बहुसंख्यांना फ्रेंच वाचता येत नव्हते. ही अडचण ओळखून, चाळिशीच्या उंबरठ्यावर ते मॉस्कोत चित्रपटकला शिकले. १९६८ च्या 'मंदाबी'तील पात्रे वोलोफ भाषेत बोलली. फ्रेंचांइतकेच स्वकीय सत्ताधीशही त्यांच्या टीकेचे धनी ठरले. १९७७ च्या 'सेद्दो'वर, शीर्षकातील जोड 'द'चे निमित्त काढून, सेनेगल सरकारने बंदी घातली. मुलींच्या खतनाप्रथेविरुद्धचा 'मूलादे' (२००४) हा त्यांचा अखेरचा चित्रपट.