शाळेची घंटा नेमकी कोणाच्या हाती?

मे २०२४ च्या अखेरच्या आठवड्यात बिहारमधील शेखपुरा, बेगूसराय आदी जिल्ह्यांतील सरकारी शाळांत विद्यार्थी उष्म्याने भोवळ येऊन कोसळू लागले. लोकसभा निवडणुकीचा शेवटचा टप्पा दोन दिवसांवर आला होता. चित्रवाणीवर ती दृश्ये झळकताच विरोधकांनी सरकारला धारेवर धरले आणि मुख्यमंत्री नितीशकुमार यांनी ८ जूनपर्यंत शाळा बंद ठेवण्याचे आदेश दिले. पण मुले मेच्या उत्तरार्धात वर्गात होतीच कशी? त्याचे उत्तर साधे आहे. त्या वर्षी शिक्षण विभागाने उन्हाळी सुटी १५ एप्रिल ते १५ मे अशी ठरविली होती. ऊन खऱ्या अर्थाने पेटण्याच्या वेळी सुटी संपली.

याच राज्यात चार महिने आधी नेमका उलटा वाद रंगला होता. जानेवारीत कडाक्याच्या थंडीमुळे पाटण्यासह काही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ व्या कलमाखाली शाळा बंद केल्या. त्यावर शिक्षण विभागाचे तत्कालीन अपर मुख्य सचिव के. के. पाठक यांनी आक्षेप घेतला. शिकवणी वर्ग आणि चित्रपटगृहे चालू असताना थंडी फक्त शाळांनाच कशी गाठते, असा त्यांचा सवाल होता. पाटण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी आपला आदेश मागे घेतला नाही. दोघेही भारतीय प्रशासन सेवेतले, दोघांच्याही हाती कायद्याचा आधार. मधल्या मधे पालक गोंधळात पडले. जिल्ह्याचा कारभार हाकलेल्या कोणाही अधिकाऱ्याला हा पेच ओळखीचा वाटेल.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेची इमारत सर्व ऋतूंत टिकणारी असावी, असे परिशिष्टात लिहून ठेवले आहे. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस शाळा भरली पाहिजे, हेही त्याच परिशिष्टात आहे. हवामानामुळे बुडालेले दिवस कसे भरून काढायचे, याबद्दल मात्र ते गप्प आहे. त्याच कायद्याचे २७ वे कलम शिक्षकांना अशैक्षणिक कामे देण्यास मनाई करते, पण जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण यांना त्यातून वगळते. म्हणजे पूर आला की शिक्षकाने वर्ग सोडून मदत केंद्र सांभाळायचे, हे कायद्यालाच अभिप्रेत आहे. शाळा ही संकटात सापडणारी संस्था आहे आणि संकटात धावून जाणारीही. धोरणात मात्र ही दोन रूपे क्वचितच एकत्र पाहिली जातात.

ती एकत्र पाहिली ओडिशाने. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे १० हजार माणसे दगावली. त्याच वर्षअखेरीस राज्याने आपत्ती निवारणासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले. केंद्राचा आपत्ती व्यवस्थापन कायदा यायला २००५ साल उजाडले. पुढच्या दोन दशकांत किनारपट्टीवर आठशेहून अधिक बहुउद्देशीय निवारे उभे राहिले. ते खांबांवर उचललेले, पाणी खालून वाहून जावे असे बांधले गेले. यांतील अनेक निवारे शाळांच्या आवारात आहेत आणि एरवी तेथे वर्ग भरतात. यातली मेख लक्षात घेण्याजोगी आहे. वर्षातून एकदा उघडायच्या इमारतीची कुलुपे गंजतात आणि किल्ली कोणाकडे आहे ते ऐन वेळी आठवत नाही. रोज मुले येतात तेथे दारे उघडतात, हातपंप चालतो आणि वाट गावातल्या म्हाताऱ्यांनाही ठाऊक असते. मे २०१९ मधील 'फणी' वादळापूर्वी सुमारे १२ लाख लोकांना हलविण्यात आले. मृतांची संख्या ६४ होती.

अर्थात ओडिशाचे यश वाऱ्यापुरते आहे. वादळ दोन दिवसांत ओसरते, उष्मा आठवडेच्या आठवडे मुक्काम ठोकतो. युनिसेफने जानेवारी २०२५ मध्ये दिलेल्या हिशेबानुसार आदल्या वर्षी हवामानाच्या प्रकोपामुळे ८५ देशांतील २४ कोटींहून अधिक विद्यार्थ्यांच्या शिक्षणात खंड पडला, आणि भारतातील सुमारे ५ कोटी मुलांना त्याची झळ एकट्या एप्रिलमधील उष्णतेच्या लाटेने पोहोचली. अशा वेळी शाळा बंद करणे हा सर्वांत सोपा उपाय ठरतो. पण पत्र्याच्या खोलीत राहणारे मूल घरी पाठवले, तर त्याला सावली मिळाली असे समजायचे काय? नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्लीच्या विषारी हवेमुळे प्रत्यक्ष वर्ग थांबले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयालाच काही दिवसांत फेरविचाराची सूचना करावी लागली. माध्यान्ह भोजन बुडते, अनेक घरांत ऑनलाइन शिकण्याची सोय नाही आणि घरची हवाही शाळेहून निराळी नाही, याची दखल न्यायालयाने घेतली. राजधानीच्या झोपडवस्त्यांत आणि भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या स्थलांतरितांना हे सांगावे लागत नाही.

वेळापत्रक स्थानिक असावे, हा त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग. विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरच्या दिवसांत उघडतात आणि त्याविषयी कोणी आंदोलन केल्याचे स्मरत नाही. एका राज्यात दोन तारखा चालत असतील, तर जिल्ह्यागणिक लवचिकता का नको? १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत गेले आणि तेव्हापासून ओढाताण केंद्र व राज्य यांच्यातच होत राहिली. जिल्हा आणि मुख्याध्यापक या भांडणात पक्षकारच नव्हते.

पैशाची गोष्ट आणखी निराळी. १५ व्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी आपत्ती निधीचा पाचवा हिस्सा आपत्ती येण्यापूर्वीच्या उपायांसाठी राखला, हे त्याचे मोठे योगदान. मात्र अधिसूचित आपत्तींची यादी वाढविण्याची राज्यांची मागणी त्याने मान्य केली नाही आणि उष्णतेची लाट तेव्हा यादीबाहेरच राहिली. शाळेच्या छताला चुन्याचा पांढरा थर द्यायचा, तर त्याला फार खर्च नाही. अहमदाबादेत २०१३ च्या उष्णता कृती आराखड्यानंतर झोपडवस्त्यांतील छपरांवर तो प्रयोग झाला आहे. तरीही ती रक्कम शिक्षण खात्याच्या दुरुस्तीतून काढायची की आपत्ती निधीतून, यावर फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरू शकते.

केरळातील शाळांत २०१९ मध्ये 'पाण्याची घंटा' सुरू झाली. दिवसातून काही वेळा ती वाजते आणि मुले बाटली उघडून पाणी पितात. इतर राज्यांनीही ती उचलली. तिच्यासाठी कोणते कलम लागले नाही, की निधीचा मथळा शोधावा लागला नाही. शाळेच्या नळाला मे महिन्यात पाणी असावे लागते, एवढेच. आणि तो नळ पुन्हा तिसऱ्याच खात्याचा असतो.