अटकपूर्व जामीन म्हणजे क्लीन चिट नव्हे

जून २०१८मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेचे तत्कालीन अतिरिक्त आयुक्त संजय घरत यांना ठाणे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने (एसीबी) ८ लाखांची लाच घेतल्याच्या आरोपावरून पकडले. ऑक्टोबर २०२५मध्ये ठाणे महापालिकेचे उपायुक्त शंकर पाटोळे यांना २५ लाखांच्या लाचेच्या आरोपावरून मुंबई एसीबीने अटक केली. अशी बातमी आली की लोकलच्या डब्यात एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘अटकपूर्व जामीन घेईल आणि सुटेल!’ कायदा काय सांगतो?

गैरसमज : सापळ्यात सापडलेलाही अटकपूर्व जामिनावर घरी जातो.
वस्तुस्थिती : हा जामीन अटकेआधीच मागता येतो. सापळ्याआधी एसीबी पंचासमक्ष लाचेच्या मागणीची पडताळणी करते, नोटांना फिनॉल्फ्थॅलीन लावते. पैसे घेणाऱ्याचे हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होते. तिथेच अटक झाली, तर उरतो तो नियमित जामीन. अटकपूर्व जामिनासाठी धावतो तो पडद्यामागचा माणूस, म्हणजे ज्याच्यासाठी शिपायाने किंवा खासगी दलालाने पैसे घेतले, असा आरोप असलेला साहेब.

गैरसमज : लाचेच्या प्रकरणात हा जामीन सहज मिळतो.
वस्तुस्थिती : भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२नुसार (पूर्वीचे ४३८) सत्र किंवा उच्च न्यायालयाकडे अर्ज करता येतो, पण तो मंजूर होणे हा हक्क नाही. पंजाबमधील लेखापरीक्षण निरीक्षक देविंदरकुमार बन्सल यांचा अर्ज फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५मध्ये स्पष्ट केले, की भ्रष्टाचाराच्या गुन्ह्यात असा जामीन अपवादानेच द्यावा. आरोपीला खोटे गुंतवल्याचे किंवा आरोप राजकीय हेतूने झाल्याचे सकृद्दर्शनी दिसले, तरच त्याचा विचार व्हावा.

गैरसमज : पैसे हाती घेतलेच नाहीत, मग गुन्हा कसला?
वस्तुस्थिती : भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ७नुसार लाच मिळवण्याचा प्रयत्नही गुन्हा आहे. त्यासाठी ३ ते ७ वर्षांची कैद आणि दंड आहे. नोटा हातात पडल्याच पाहिजेत असे नाही, हेही बन्सल प्रकरणात न्यायालयाने सांगितले.

गैरसमज : जामीन मिळाला म्हणजे निर्दोष ठरला.
वस्तुस्थिती : ‘तपासासाठी कोठडी हवी का?’ एवढाच प्रश्न इथे सुटतो. चौकशीला हजर राहणे, साक्षीदारांना न धमकावणे अशा अटी घातल्या जातात. त्या मोडल्यास जामीन रद्द होऊ शकतो. तपास, आरोपपत्र, खटला चालूच राहतो. मग एवढी धावाधाव का? बेअब्रूची भीती असतेच. शिवाय राज्य सरकारी कर्मचारी ४८ तासांहून अधिक काळ कोठडीत राहिला, तर नियमानुसार निलंबित मानला जातो. खुर्चीही त्या जामिनावर टांगलेली असते.

गैरसमज : तक्रार केली की लाच देणाराच अडकतो.
वस्तुस्थिती : २०१८च्या दुरुस्तीने लाच देणेही गुन्हा ठरवले आहे, हे खरे. पण बळजबरीने द्यावी लागली आणि ७ दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवले, तर देणाऱ्याला संरक्षण आहे. आधीच एसीबीला कळवून सापळ्यासाठी रक्कम देणाराही सुरक्षित असतो. त्यामुळे मागणी झाली की ‘तोडपाणी’ करत बसण्यापेक्षा १०६४ हा टोल फ्री क्रमांक फिरवावा.