प्रीमियर पद्मिनी आणि वालचंदनगर

प्रीमियर पद्मिनी ही मुंबईतील कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीने इटलीच्या फियाट 1100 या मोटारीच्या आराखड्यावरून बनवलेली चार दारांची छोटी मोटार होय. 1974 च्या सुमारास तिला चितोडच्या राणीचे नाव मिळाले आणि 2000 च्या आसपास तिचे उत्पादन थांबले. जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात गर्दी जमते ती संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस आणि पॅकार्डभोवती. महाराष्ट्राच्या उद्योगाचा इतिहास मात्र पद्मिनीइतका त्यांतली कोणतीच गाडी सांगू शकत नाही. ती तयार झाली मुंबईत. ती बनवणारी कंपनी ज्यांनी उभी केली, त्यांच्या नावाचे गाव इंदापूर तालुक्यात नीरा नदीच्या काठी आहे.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म 1882 मध्ये सोलापूरला झाला. रेल्वेच्या कंत्राटांपासून त्यांनी सुरुवात केली आणि 1919 मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन या जहाज कंपनीच्या स्थापनेत पुढाकार घेतला. बारामती आणि इंदापूरच्या अवर्षणी माळांवर तोवर नीरा डाव्या कालव्याचे पाणी आले होते. कळंब गावाच्या परिसरात वालचंदांनी मोठ्या प्रमाणावर ऊस लावला आणि 1930 च्या दशकात तेथे साखर कारखाना सुरू केला. त्याभोवती वाढलेली वसाहत म्हणजे वालचंदनगर. पुढे तेथे साखर कारखान्यांना लागणारी यंत्रे, बॉयलर आणि दातेरी चक्रे बनू लागली. भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या अग्निबाणांची मोटर-कवचेही तेथे तयार झाली. ऊस पिकवणारा तालुका अवजड यंत्रे घडवू लागतो, ही या भागाच्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणावी लागेल. तिची दखल मात्र फारच थोडी घेतली जाते.

मोटार देशातच बनावी हा आग्रह त्याच वृत्तीतून आला. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी 1930 च्या दशकात मुंबई प्रांतात मोटार कारखान्याची योजना मांडली आणि वालचंदांनी ती उचलून धरली. अमेरिकेत फोर्डशी बोलणी जमली नाहीत. क्रायस्लरशी करार झाला, पण ब्रिटिश सरकारने युद्धकाळात या कारखान्याला पाठबळ दिले नाही. मधल्या काळात वालचंद थांबले नाहीत. 1940 मध्ये बंगळुरूला विमानांचा कारखाना आणि 1941 मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीची गोदी त्यांच्या पुढाकाराने उभी राहिली. प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना 1944 मध्ये झाली. 1947 मध्ये कुर्ल्यातून क्रायस्लर समूहाची वाहने जोडून बाहेर पडू लागली. वालचंदांचे निधन 1953 मध्ये झाले. ज्या फियाटमुळे कंपनी घरोघरी पोहोचली, तिची भरभराट पाहायला ते राहिले नाहीत.

फियाटशी संबंध 1950 च्या दशकाच्या आरंभी जुळला. प्रथम फियाट 500 आली आणि 1954 पासून 1100. फुगीर अंगाच्या या जुन्या 1100 ला मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ म्हटले आणि ते नाव कायमचे चिकटले. 1960 च्या दशकात आलेले सरळ रेषांचे मॉडेल ‘डिलाइट’ या नावाने विकले गेले. लालबहादूर शास्त्रींनी पंतप्रधानपदी असताना घेतलेली 12,000 रुपयांची गाडी 1964 ची फियाट होती. त्यांतले 5,000 रुपये त्यांनी पंजाब नॅशनल बँकेकडून कर्जाने घेतले होते. त्यांच्या निधनानंतर ते कर्ज त्यांच्या पत्नी ललितादेवींनी फेडले. 1970 च्या दशकात परवाना करार संपल्यावर तीच गाडी आधी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि मग ‘पद्मिनी’ झाली. लोकांच्या तोंडी ती शेवटपर्यंत फियाटच राहिली.

तिच्या इंजिनाला चार सिलिंडर होते आणि क्षमता 1,089 घनसेंटीमीटर. ताकद सुमारे 40 अश्वशक्ती. गिअर चार आणि त्यांचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला जोडलेला. जमिनीवर दांडा नसल्याने पुढची सीट अखंड बाकासारखी होती आणि ड्रायव्हरशेजारी दोघे बसत. पुढे कॉइल स्प्रिंगा, मागे पाटे, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि जोर मागच्या चाकांवर. पुढच्या काचांना लागून असलेली तिकोनी खिडकी फिरवली की वारा थेट अंगावर येई. थंडीत चोक ओढल्याशिवाय गाडी लवकर चालू होत नसे. या साऱ्या रचनेत एक उघडेपणा होता. बोनेट उचलले की कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्यूटर, प्लग सगळे हाताशी येई. त्यामुळे बारामतीसारख्या तालुक्याच्या गावचा मिस्त्रीही साध्या हत्यारांनी इंजिन खोलून रिंग-पिस्टन बदलू शके. पद्मिनी इतकी वर्षे रस्त्यावर टिकली याचे सर्वांत मोठे श्रेय या मिस्त्रींना जाते.

परवाना पद्धतीच्या काळात हिंदुस्तान मोटर्सची ॲम्बॅसेडर आणि ही फियाट याच ग्राहकापुढच्या दोन मुख्य निवडी होत्या. नोंदणी करून गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली आणि चित्र पालटले. पद्मिनीला खरा आधार उरला तो मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात 29 ऑक्टोबर 2003 रोजी झाली. टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा असल्याने 30 ऑक्टोबर 2023 पासून ती रस्त्यावरून हटली. कुर्ल्यात प्रीमियर रोड हे रस्त्याचे नाव अजून आहे.

टॅक्सी म्हणून तिचा प्रवास संपला, त्याच सुमारास तिचा दुसरा प्रवास सुरू झाला. केंद्र सरकारने 2021 मध्ये केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षे झालेली, सांगाडा, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये असून ती 10 वर्षे चालते. अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर काढता येते. डुक्कर फियाट आणि डिलाइट या मर्यादेत आधीच बसत होत्या. पद्मिनी नावाच्या पहिल्या गाड्या आता कुठे पन्नाशी ओलांडत आहेत.

अशा प्रदर्शनांत स्कूटरींच्या रांगेत परवान्याखाली बजाजने बनवलेल्या जुन्या व्हेस्पाही दिसतात. व्हेस्पा बनवणाऱ्या पियाजिओ या इटालियन घराण्याचा आजचा भारतीय पत्ता बारामती आहे. पियाजिओची आपे ही तीनचाकी 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून तेथे बनते आणि 2012 पासून व्हेस्पाही. आपेची मूळ रचना 1948 ची आहे. त्या हिशेबाने ती डुक्कर फियाटपेक्षाही वयाने मोठी.

प्रदर्शनात परीक्षक पाहतात ती गाडीची अस्सलता, आणि पद्मिनीची खरी अडचण तेथेच आहे. दुर्मीळ गाडी गॅरेजात जपून ठेवली जाते. ही रोज राबली. कुणी तिला डिझेल इंजिन बसवले, कुणी गिअरचा दांडा खाली आणला, कुणी मारुतीच्या सीटा टाकल्या. म्हणून मूळ बाकाची सीट, खांबावरचा गिअर, कारखान्याच्या रंगाचा पत्रा आणि इंजिन व चासी क्रमांकांचा कागदपत्रांशी मेळ, हे सारे एकत्र असलेली पद्मिनी सापडणे सोपे नाही. फरशीचा पत्रा आणि दाराखालची पट्टी येथे गंज आधी धरतो, तेव्हा जाणकार आधी वाकून तेथे पाहतात. नवा चकचकीत रंग पाहून ते फसत नाहीत. दारांच्या फटी सारख्या आहेत का, काचेच्या रबराखाली जुना रंग दिसतो का, हे ते तपासतात. मग मालकाला चोक ओढून सेल्फ मारायला सांगतात आणि इंजिन थंडीवर कसे धरते ते ऐकतात.