डिझेलचा काटा खोटं बोलतो तेव्हा



'काटा' म्हटले की आपल्या ऊसकरी माणसाच्या डोळ्यांपुढे आधी वजनकाटाच उभा राहतो. त्या काट्यावर आपले बारीक लक्ष असते, आणि ते असायलाच पाहिजे. पण ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरवर आणि दारातल्या जीप-मोटारीत आणखी एक काटा असतो, तो डिझेलचा. तो बिघडला तर आपण 'चालतंय की' म्हणून वर्षानुवर्षे तसाच ठेवतो. हा काटा कसा चालतो, कसा बिघडतो आणि घरच्या घरी कसा तपासावा, ते येथे सांगत आहोत.

आधी आमच्या पाहण्यातली एक गोष्ट. गडमुडशिंगीच्या एका सभासदाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या भरून रात्री फडातून निघाला आणि हुपरी रस्त्यावर मध्येच बंद पडला. टाकीत काडी घातली तर टाकी कोरडी. मालक संतापले. "संध्याकाळी मी स्वतः पाव टाकी बघून गेलोय. डिझेल गेलं कुठं?" ड्रायव्हर जुना माणूस. त्याचे तोंड उतरले. तो एवढेच म्हणाला, "अण्णा, मी डिझेल काढलं असतं, तर काटा खाली आला असता न्हवं? त्यो अजून पावावरच हाय." सगळ्यांनी वाकून पाहिले. टाकी कोरडी, पण काटा पावावर ठाम! सकाळी टाकीतले युनिट काढले, तेव्हा फ्लोटची दांडी गंजून अडकलेली निघाली. चोर माणूस नव्हता, काटा होता. पण ड्रायव्हरने त्या वेळी ते बोलून दाखवले नसते, तर एक चांगला माणूस हंगामाच्या मध्यावर काम सोडून गेला असता, आणि जाताना चोरीचा डाग घेऊन गेला असता.

काटा चालतो कसा?

रचना साधी आहे. टाकीत एक फ्लोट डिझेलवर तरंगतो. त्याची दांडी वरखाली झाली की युनिटमधली एक पत्ती तारेच्या गुंडाळीवर सरकते. त्यामुळे विजेच्या वाटेतला अडथळा, म्हणजे रेझिस्टन्स, कमी-जास्त होतो. तेथून एक वायर डॅशबोर्डावरच्या मीटरला जाते, आणि जशी वीज वाहील तसा काटा हलतो. म्हणजे बिघाडाच्या जागा चारच: मीटर, वायर, टाकीतले युनिट आणि अर्थिंग.

तपासणीचा क्रम

पहिल्यांदा टाकी उघडू नये. सोपे ते आधी पाहावे.

1) गाडी सपाट जागेवर लावून चावी ऑन करावी. बांधावर किंवा चढाला उभ्या असलेल्या गाडीचा काटा चुकीचाच दाखवणार. डिझेलबरोबर पाण्याच्या टेम्परेचरचा काटाही विचित्र वागत असेल, तर दोष बहुधा टाकीत नाही. फ्यूज, मीटरचा करंट आणि डॅशबोर्डाचे अर्थिंग पाहावे.

2) एकटा डिझेलचाच काटा चुकत असेल तर टाकीवरच्या युनिटची वायर पाहावी. चिखल, पाचट, उंदराने कुरतडलेली वायर, गंजलेले टोक ही नेहमीची कारणे. टाकीखाली रबर असल्यामुळे अर्थिंग तुटण्याचा प्रकारही फार होतो. युनिटच्या बॉडीपासून चासीच्या स्वच्छ केलेल्या लोखंडापर्यंत एक जादा वायर जोडून पाहावी. पुष्कळदा काटा तेवढ्यावरच ताळ्यावर येतो.

3) तरीही फरक पडला नाही तर युनिटची वायर काढून मोकळी ठेवावी आणि चावी ऑन करावी. काटा एका टोकाला गेला पाहिजे. मग तीच वायर मध्ये छोटा बल्ब घालून चासीला टेकवावी. काटा दुसऱ्या टोकाकडे निघाला पाहिजे. काही काटे सावकाश चढतात, म्हणून अर्धा मिनिट थांबावे. वायर थेट टेकवून धरू नये, मीटर जळण्याचा संभव असतो. काटा दोन्हीकडे फिरला तर मीटर आणि वायर चांगली, दोष युनिटमध्ये. काटा हललाच नाही तर दोष मीटरमध्ये किंवा वायरीत.

4) दोष युनिटमध्ये ठरला तरच ते खोलावे. आधी बॅटरीची वायर काढावी. फ्लोट कानाशी धरून हलवावा. आत डिझेल खळखळले तर तो फुटका आहे. असा फ्लोट बुडतो आणि काटा कायम रिकामी टाकी दाखवतो. दांडी अडकते का, वाकली आहे का, ते पाहावे. मल्टीमीटर असेल तर दांडी हळूहळू फिरवून रेझिस्टन्स मोजावा. आकडा सलग बदलला पाहिजे. मध्येच उडी मारली तर पट्टी झिजली, युनिट बदलणे बरे. बसवताना नवीन पॅकिंग घालावे, नाहीतर डिझेल गळेल आणि धुताना टाकीत पाणी जाईल.

एक सक्त सूचना: पेट्रोल गाडीवर हे प्रयोग करू नयेत. एक ठिणगी पुरे आहे. तसेच अलीकडच्या डिजिटल मीटरच्या ट्रॅक्टर-मोटारींत वायरी काढून टेकवू नयेत. ते काम माहीतगार मिस्त्रीकडेच द्यावे.

काडीचे माप

काटा दुरुस्त होईपर्यंत आपली काडी खरी. टाकी रिकामी झाली की सपाट जागेवर पाच-पाच लिटर डिझेल मापून ओतावे आणि दर वेळी काडीवर खूण करावी. टाकी वाकडीतिकडी असल्याने निम्मी उंची म्हणजे निम्मे डिझेल असे नसते. म्हणून खुणा सारख्या अंतरावर येणार नाहीत, त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

मात्र मापाचा हिशेब एकच ठेवावा. उजळाईवाडीचा विमानतळ आपल्या शेजारीच आहे, म्हणून विमानाचेच उदाहरण देतो. 23 जुलै 1983 रोजी कॅनडात एका बोइंग 767 विमानाचे इंधनाचे काटे बंद होते. लोकांनी टाकीत काडी घालून माप घेतले, पण हिशेबात किलोच्या जागी पौंड धरले. लागणाऱ्या इंधनाच्या निम्म्याहूनही कमी इंधनावर विमान उडाले आणि आकाशातच दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकांनी ते घसरत नेऊन गिमली येथील जुन्या धावपट्टीवर उतरवले, आणि 69 जण वाचले. काडी बरोबर होती, हिशेब चुकला.

आपल्या ट्रॅक्टरला आकाशातून पडायचे नाही, पण कोरडी टाकी इथेही महागात पडते. तळाचा गाळ फिल्टरमध्ये येतो. पाइपात हवा शिरते, मग एअर काढल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. तोडलेला ऊस ट्रॉलीत वाळून वजन घटते. आणि सर्वांत वाईट म्हणजे रात्री रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रॉलीवर मागून येणारा मोटारसायकलवाला आदळतो. ट्रॉलीमागे रिफ्लेक्टर नसेल तर त्याला ती दिसतही नाही.

म्हणून विनंती अशी, की हंगामाआधी एक सकाळ या काट्यासाठी द्यावी. रोज किती तास ट्रॅक्टर चालला आणि किती लिटर घातले, ते वहीत लिहावे. टाकी संध्याकाळीच भरून ठेवावी, म्हणजे रात्रीच्या गारव्याने आत पाणी धरत नाही. आणि हिशेब जुळला नाही तर आधी काटा तपासावा, माणसाकडे बोट नंतर दाखवावे. काटा बदलून मिळतो. जीव लावून काम करणारा ड्रायव्हर तसा मिळत नाही.